म्हशींच्या नायट्रोजनमधली तार

८ नोव्हेंबर

…आणि तार आत जाईना. कॅनचं तोंड चहाच्या कपाएवढं, तार अंगठ्याएवढी जाड. व्यंकटेश तिला वेटोळं घालत होता आणि ती उलगडत होती. दत्ता म्हणाला, काय वाकवायचंय ते आत्ताच वाकवा साहेब, गार झाल्यावर वाकणार न्हाय.

शेवटी गेली. आत फसफस झाली. पांढरी वाफ तोंडातून वर आली, मग खाली उतरली आणि फरशीवरून स्पीकरपर्यंत सरपटत गेली. व्यं. हात जोडून उभा होता. खरोखर जोडून.

कॅन म्हशींचा आहे. आत द्रव नायट्रोजन, उणे एकशे शहाण्णव. त्यात बुडवलेल्या बारीक कांड्या, कांड्यांत रेड्याचं वीर्य. दत्ता हा कॅन मोटारसायकलला बांधून मोडनिंबच्या वस्त्यांवर हिंडतो आणि माजावर आलेल्या म्हशी भरवतो. माझा विद्यार्थी. बी. ए. मराठी. शेवटच्या बाकावरून कविता धडाधड म्हणायचा, अर्थ विचारला की गप्प. शिक्षकाची नोकरी मिळाली नाही. हे मिळालं.

त्याला इथे आणलं मी. गेल्या रविवारी व्यं. पुण्याच्या एका विक्रेत्याचं पत्रक वाचून दाखवत होता. अँप्लिफायरची वीजतार अतिशीत केली की तांब्याचे कण शिस्तीत बसतात आणि गाणं मोकळं होतं. तार पुण्याला पाठवायची, दोन महिने वाट बघायची. मी म्हणालो, पुण्याला कशाला, आमच्या दत्ताचा कॅन आहे की. म्हशींबरोबर तुझी तारही गाभण राहील.

व्यं.नं दत्ताचा नंबर मागितला.

थट्टा कळत नाही अशा माणसाशी एवढ्या वर्षांची मैत्री. नंबर मी दिला. पुढे काय होतं ते बघायचं होतं.

दत्ताकडे हा एकच कॅन. कांड्या ज्यात असतात ते लांबट डबे कॅनच्या तोंडाला दांड्यांनी अडकवलेले. त्यातले दोन रिकामे करून त्यानं तारेला जागा केली. येत्या आठवड्यात त्याला तात्यांच्या दोन म्हशी भरवायच्या आहेत. तात्या म्हणजे गावच्या दूध डेअरीचे चेअरमन. त्यांच्या म्हशी गाभण राहिल्या तर सगळी डेअरी दत्ताला बोलावणार. नाहीतर कुर्डुवाडीचा याच धंद्यातला एक जण टपलेलाच आहे. त्याच्याकडे चारचाकी आहे. हे दत्तानं जिना चढतानाही सांगितलं आणि वर आल्यावरही.

पत्रकात लिहिलंय, चोवीस तास. म्हणून व्यं.ला कॅन उद्यापर्यंत ठेवून हवा. दत्ता कॅनच्या कड्या सोडेना.

"सर, कॅन कदीच कुटं ठेवत न्हाय मी."

मी म्हणालो, एक दिवसाचा प्रश्न आहे, मी सांगतो ना.

"तुमी म्हणताय म्हंजी ठेवतो. फकस्त झाकण उगडू नका, साहेब."

व्यं.नं मान हलवली. माझ्याकडे बघून, त्याच्याकडे नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

व्यं.ची ऐकण्याची खोली कारखान्याच्या वर. खाली टॉवेलचे माग. रविवारी ते बंद, म्हणून आमचं गाणं रविवारी. इतर दिवशी संध्याकाळी पाळी सुटेपर्यंत त्या खोलीत स्वतःचा खोकलाही ऐकू येत नाही. व्यं. त्या खडखडाटात जन्मला, त्यातच अभ्यास केला, त्यातच लग्न ठरलं. फोनवर तो ओरडतो आणि त्याला वाटतं आपण बोलतोय. हे कान घेऊन तो तांब्याच्या कणांची शिस्त ऐकणार.

संध्याकाळी दत्ता आला. कॅन उघडला. लाकडी पट्टी बुडवली, बाहेर काढून हवेत हलवली. जितकी बुडते तितक्या भागावर दंव धरतं. बोटभरच धरलं.

"साहेब, उगडलं हुतं का?"

व्यं. म्हणाला, एकदा, बघायला.

दत्तानं पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी पत्रक चाळत होतो. तळाला हाय म्हंजी कांड्या बुडालेल्या हायत, असं तो स्वतःशीच म्हणाला. कुर्डुवाडीला जाऊन आजच भरून घेतो म्हणाला आणि चहा न घेता गेला.

तारेचं प्लास्टिक दोन ठिकाणी तडकलं आहे. व्यं.नं त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली. मग नेहमीची तबकडी. तोडी. आलाप सुरू झाला आणि व्यं.नं डोळे मिटले. पहिली तान संपायच्या आत निकाल: हवा आली. पडदा उठला. दोन सुरांमधला काळोख अधिक काळा झाला.

तडकलेल्या तारेतून आलेला काळोख.

मला तीच तोडी ऐकू आली. चांगली आहे. गेल्या रविवारीही चांगली होती. तसं म्हटलं तर व्यं. म्हणाला, तू नीट ऐकत नाहीस.

१० नोव्हेंबर

पत्रक घरी आणलं. पुन्हा वाचलं.

आयुष्यभर विशेषणं तपासून पैसे मिळवले, त्यामुळे एवढं सांगू शकतो: यात एकही नाम नाही. सगळी विशेषणं. मखमली, प्रवाही, पारदर्शी, सेंद्रिय. वीजतारेला सेंद्रिय म्हणणारा माणूस एकतर अडाणी असतो किंवा श्रीमंत होतो.

काय मोजलं, ते नाही. कशानं मोजलं, ते नाही. भिंतीतून सोलापूरची वीज येते. कुठून कुठून, खांबांवरून, गंजलेल्या जोडांमधून, कावळ्यांच्या पायांखालून. शेवटचा दीड मीटर गोठवला की ती शुद्ध होते. अशा माणसानं विहिरीला सोवळं नेसवावं.

खाली तळटीप: फरक सूक्ष्म आहे, रसिकालाच जाणवेल. हा डाव जुना. राजाचं वस्त्र ज्याला दिसत नाही तो अकुलीन. गंमत अशी की व्यं. मूर्ख नाही. सुताचा धागा दोन बोटांत फिरवून तो कोणत्या गिरणीचा ते सांगतो. अंधारातही. तिथे त्याला पत्रक लागत नाही.

१३ नोव्हेंबर

दत्ताचा फोन. तात्यांच्या दोन्ही म्हशी भरवल्या. जाधव वस्तीवरच्याही. हा आठवडा चांगला गेला म्हणाला. हिवाळ्यात म्हशी लवकर माजावर येतात, हीच सुगी. तात्यांनी त्याला ओसरीवर बसवून दूध प्यायला दिलं. हे त्यानं बक्षीस मिळाल्यासारखं सांगितलं.

मग विचारलं, साहेबांची तार कशी चाललीय.

म्हटलं, तारेला दिवस गेलेत.

तो हसला. लई मोठ्यानं. विद्यार्थी सरांच्या विनोदाला हसतात तसा.

१६ नोव्हेंबर, रविवार

चाचणी झाली. मी आठवडाभर मागे लागलो होतो.

पद्धत साधी. तशीच दुसरी तार, न गोठवलेली. तिलाही त्याच जागी काळी चिकटपट्टी. अँप्लिफायरपुढे कारखान्यातली एक चादर आडवी बांधली. मागे पद्मावहिनी, व्यं.ची बायको. त्या मनाला येईल ती तार लावणार, व्यं. इकडे बसून कोणती ते सांगणार. मी गप्प बसणार.

वहिनी म्हणाल्या, "गाण्यातलं मला कळत नाही. पण स्वयंपाक खोळंबलाय एवढं कळतं."

पहिल्या खेपेला व्यं.नं लगेच सांगितलं. दुसऱ्या खेपेलाही. मग वेळ घ्यायला लागला. मग तबकडी पुन्हा लावायला सांगायला लागला. शेवटी शेवटी दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता, कुणीतरी आजारी असल्याची बातमी ऐकावी तसा. आलाप चालू होता. तो आलाप ऐकत नव्हता हे मला इकडून दिसत होतं.

निम्मी उत्तरं बरोबर, निम्मी चूक. नाणं उडवलं असतं तरी एवढंच.

वहिनी चादरीमागून आल्या आणि निकाल सांगितला. त्या हसत नव्हत्या. मी हसत होतो.

व्यं. म्हणाला, कान परीक्षेला बसत नाहीत. मुलगी बघायला माणसं आल्यावर ती गाते, ते काय तिचं गाणं असतं?

मी म्हणालो, मग पत्रकावर तसं छापायला सांग. परीक्षा घेऊ नये.

त्यानं चादर सोडली, घडी घातली. घडी त्याला छान घालता येते, कोपऱ्याला कोपरा. मग म्हणाला, "तू गाणं ऐकायला येतच नव्हतास. माझं कुठं चुकतंय ते ऐकायला येत होतास."

आणि जिना उतरून गेला. थोड्या वेळानं खाली एक माग चालू झाला. सुट्टीच्या दिवशी, एकच. वहिनी जिन्यावरून "एमंडी, एमंडी", म्हणजे तेलुगूत अहो, अशा हाका मारत राहिल्या. त्या खडखडाटात त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

मी चप्पल घातली.

१७ नोव्हेंबर

जिंकलो. नोंद असावी म्हणून लिहितो.

२३ नोव्हेंबर, रविवार

गेलो नाही. बोलावणंही नव्हतं. कधीच नसायचं, जायचो.

सकाळी फोनवर तोडी लावली. अर्ध्यात बंद केली. आवाजात काही कमी नव्हतं. शेजारी डोळे मिटून चुकीचं बोलणारं कुणी नव्हतं.

दुपारी झोपलो.

३ डिसेंबर

दत्ताचा फोन. तात्यांची थोरली म्हैस उलटली.

मी अर्थ विचारला. त्यानं वर्गात सांगावा तसा सांगितला. भरवलेली म्हैस तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर आली की उलटली. म्हणजे राहिली नाही.

म्हटलं, एखादी उलटत असेल.

व्हय, म्हणाला. एकादी उलटती.

४ डिसेंबर

धाकटीही. जाधव वस्तीवरच्याही. त्या आठवड्यात भरवलेली एकही राहिलेली दिसत नाही. त्याच्या आधीच्या राहिल्या, त्याच्या नंतर नव्या कांड्यांनी भरवल्या त्या म्हशींचं अजून कळायचं आहे. मधला तेवढा आठवडा कापून काढल्यासारखा.

दत्ताला वाटतं कांड्यांचा तो लॉटच खराब. वर तक्रार करणार म्हणाला. पण डेअरीवर बोलणं सुरू झालंय. कुर्डुवाडीचा माणूस सकाळी दूध घालायच्या वेळेला येऊन सहज म्हणून बोलून गेला: काही जण कांडीत पाणी भरून आणतात. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. तात्यांनी दत्ताला ओसरीवर बोलावलं नाही, गोठ्याच्या दारातूनच परत पाठवलं.

"सर, माजा हात वाईट न्हाय. तुमी तर ओळखता मला."

ओळखतो म्हणालो. त्याच्या हाताबद्दल मला काहीही माहीत नाही.

फोन ठेवल्यावर पट्टी आठवली. बोटभर दंव. तळाला आहे म्हणजे बुडालेल्या आहेत, असं तो म्हणाला होता. मग काय झालं?

५ डिसेंबर

व्यं.कडे गेलो. १६ तारखेनंतर पहिल्यांदा. माग चालू, दोघं ओरडून बोलत होतो, त्यामुळे अबोला मोडणं सोपं गेलं.

त्यानं वर नेलं. काही दाखवायचं होतं. स्पीकरच्या खालचे पितळी पाय. चार एका खाली, चार दुसऱ्या खाली, मुठीत मावतील एवढे, जड. तार सोड म्हणाला, तारेचं तू म्हणतोस ते धरून चाललो, पण पायांनी जो फरक पडला…

मी विचारलं, पायांना काय केलं.

"गार केले की. त्याच रात्री, तुम्ही गेल्यावर. कॅन आलाच होता तर म्हटलं कशाला सोडा. फ्यूज पण, प्लगच्या पिना पण."

तारेनं जागा अडवलेली. पाय कसे मावले?

"ते छोटे डबे होते ना दांडीचे, ते काढून ठेवले टेबलावर. पाय गार झाल्यावर डबे घातले की परत. मोडले नाहीत काही."

किती वेळ?

"चहा होईपर्यंत."

चहा होईपर्यंत. कांडी हवेत आली की काही क्षणांत मरते. नंतर पुन्हा उणे एकशे शहाण्णवात ठेवा, काही होत नाही. मेलेली कांडी दिसायला जिवंत कांडीसारखीच. हे दत्तानंच त्या दिवशी कॅन उघडताना सांगितलं होतं. मला. व्यं. तेव्हा पत्रकातलं वाचून दाखवत होता.

मी व्यं.ला सगळं सांगितलं. तात्या, म्हशी, कुर्डुवाडीचा माणूस, पाणी. खालच्या मागांच्या खडखडाटामुळे प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना ते खरं वाटायला लागतं.

तो पायांकडे वळला. मग म्हणाला, "पण मग पायांनी फरक कसा पडला?"

त्यानं एक पाय काढून हातात घेतला, चोळला, तसाच घेऊन बसला. स्पीकर एका बाजूला कलला. थोड्या वेळानं म्हणाला, मला कुणी सांगितलं नाही रे. डबे काढू नका असं कुणी सांगितलं नाही.

झाकण उघडू नका असं सांगितलं होतं.

रात्री सुचलं ते लिहून ठेवतो. मी ज्या चाचणीचा आग्रह धरला ती मोडनिंबला झाली. म्हशींना कुणी पत्रक वाचून दाखवलं नव्हतं. कोणती कांडी टेबलावर पडली होती ते त्यांना ठाऊक नव्हतं, दत्तालाही नव्हतं. चादर बांधावी लागली नाही. निकालात निम्मंनिम्मं काही नाही. निर्दोष चाचणी.

थंडीनं फरक पडतो म्हणजे. ती सोडण्यानं पडतो.

६ डिसेंबर

सकाळी व्यं.चा फोन. दत्ताला नवा कॅन घेऊन देतो. मोठा, दुप्पट. कांड्याही भरून देतो. फक्त कशासाठी ते सांगायचं नाही. म्हणावं सरांकडून भेट.

सोयीचं आहे. दत्ता लॉटला दोष देतोय. लॉट कुठेतरी दूर आहे, त्याला चेहरा नाही. तक्रारीला उत्तर येणार नाही, आलं तरी कुणी विचारणार नाही. दोन महिन्यांत दुसऱ्या म्हशी राहतील. लोक विसरतात.

विसरतात का? कांडीत पाणी, हे विसरण्यासारखं नाही. मी नसतो विसरलो.

सांगायचं म्हटलं तर कसं, ते दुपारभर लिहून पाहिलं. "गाण्याच्या यंत्राचा आवाज सुधारावा म्हणून आम्ही तुझ्या कॅनमध्ये…" खोडलं. "एका मित्राचा असा समज होता की…" हे खोटं. समज मित्राचा, पण नंबर दिला मी. "विनोदानं सुचवलेली गोष्ट…" हे सगळ्यांत वाईट.

कसंही लिहिलं तरी वाक्य हास्यास्पद होतं. वाक्याचा दोष नाही.

७ डिसेंबर, रविवार

दत्ता स्वतःच आला. तक्रारीचा अर्ज लिहून आणला होता, मी भाषा तपासावी म्हणून. अक्षर चांगलं. एक ऱ्हस्व-दीर्घही चुकलेला नाही. 'माझ्यावरील आळ' असा शब्द वापरला होता. हा शब्द त्याला मी शिकवला असणार.

अर्ज हातात घेऊन त्याला सांगितलं. लिहून पाहिलेलं एकही वाक्य वापरलं नाही. पाय, डबे, टेबल, चहा.

तो ऐकत होता. नंतर विचारलं ते असं.

"तारंनं फरक पडला का, सर?"

नाही.

"जराबी?"

जराही नाही.

"पडणार न्हाय ते तुमाला आदीच ठावं हुतं?"

हो.

"मग मला कशाला बोलावलं?"

मी अर्जाची घडी घालत होतो. त्यानं ती घेतली, नीट उलगडली, फाडली नाही. खिशात ठेवली.

नव्या कॅनचं सांगितलं. नको म्हणाला. दुप्पट आहे म्हटलं. त्यावर पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला, थोडासा.

"नवा कॅन बगून ती म्हणतील, पाण्याचं पैसं झालं. उद्या सकाळी डेअरीवर या. दूध घालायला समदी येत्यात. तितं सांगा, आत्ता सांगितलं तसंच."

मी म्हणालो, तात्यांना फोन करतो. सविस्तर पत्र देतो, सहीचं.

"पत्र कुणी वाचत न्हाय, सर. तुमी सांगा. तुमाला सांगता येतं."

हे त्यानं टोमणा म्हणून म्हटलं नाही. म्हणून लागलं.

संध्याकाळी व्यं.कडे. माग बंद, खोली शांत, तबकडी लावलेली नव्हती. स्पीकर अजून कललेला. मी म्हणालो, उद्या मोडनिंबला जातोय, तू येणार असलास तर गाडी काढ. पद्मावहिनी दारात उभ्या होत्या. नवऱ्याला तेलुगूत काहीतरी म्हणाल्या, दोनच शब्द. त्यानं मान खाली घातली.

मग म्हणाला, "येतो. डबे मी काढले ते सांगतो. पण थंडीनं फरक पडत नाही, असं माझ्याकडून वदवून घेऊ नकोस. मला ऐकू आलंय."

म्हटलं, बरं.

त्यानं विचारलं, आता आलोच आहेस तर लावू का काही. मी बसलो. त्यानं तोडी लावली, सकाळचा राग, पुन्हा संध्याकाळच्या वेळी. कुठली तार होती ते मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.

८ डिसेंबर

सकाळी व्यं.च्या गाडीतून मोडनिंब. वाटेत उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्या मागे मागे.

डेअरीच्या पत्र्याखाली लोक किटल्या घेऊन उभे होते. तात्या वजनकाट्यापाशी. दत्ता बाजूला, कॅन मोटारसायकलला बांधलेला. त्यानं माझी ओळख 'आमचे सर' अशी करून दिली आणि मागे सरकला.

सांगितलं. वाटलं होतं त्यापेक्षा लवकर संपलं. कांड्या आमच्यामुळे मेल्या, त्यात पाणी नव्हतं, दत्ताला माहीत नव्हतं. त्यानं कॅन माझ्या शब्दावर ठेवला. व्यं. पुढे झाला आणि म्हणाला, डबे मी काढले. ओरडूनच म्हणाला, पण तिथे ते चाललं.

कुणी हसलं नाही. एका बाईनं शेजारणीला विचारलं, गाण्याची तार म्हंजी कसली. शेजारणीला सांगता आलं नाही.

तात्यांनी एका किटलीचं दूध ओतून घेतलं, हात पुसले. मग विचारलं, "आन् आवाज सुदारला का?"

मी नाही म्हणालो. व्यं. हो म्हणाला. एकदमच.

मग मात्र लोक हसले. तात्याही. दत्ता हसला नाही.

हसू ओसरल्यावर तात्या म्हणाले, थोरली परत माजावर येईल तवा बगू. कुणाला बोलावणार ते म्हणाले नाहीत. पुढची किटली घेतली.

दत्तानं मोटारसायकलपाशी जाऊन कॅनचं झाकण काढलं, पट्टी बुडवली, बाहेर काढून हवेत हलवली. दंव अर्ध्या पट्टीपर्यंत चढलं. ती त्यानं थोडा वेळ वर धरून ठेवली. व्यं.नं पाहिली, मी पाहिली. बाकीचे रांगेकडे वळले होते.